वडिलांचा रकाना

रविवार, ९ जुलै १९८९. जळगाव

संस्थेच्या नोंदवहीत ड्यूटीचं लिहावं लागतं. तिथं मनातलं लिहिता येत नाही, म्हणून ही वेगळी वही केली.

काल नवा मुलगा आला. भिकन. वय लिहिलंय बारा, पण दिसतो नऊचा. भुसावळ स्टेशनवर एका बाईची पिशवी उचलताना सापडला. सोनवणे बाई, म्हणजे पोरांच्या घरची चौकशी आणि देखरेख करणाऱ्या आमच्या परिविक्षा अधिकारी, रजेवर होत्या. त्यामुळे त्याचा माहितीचा फॉर्म मीच भरला. चौदा वर्षं या रिमांड होममध्ये काळजीवाहक आहे, तो फॉर्म मला तोंडपाठ आहे. नाव, गाव, शिक्षण, व्यसन, आणि मग 'वडिलांचा स्वभाव व वर्तन'. खरं सांगायचं तर मी आधी तोच रकाना बघतो. तो वाचला की पोरगा इथं का आला ते कळतं, बाकीचा फॉर्म नाही भरला तरी चालेल.

भिकनच्या रकान्यात लिहिलं : सावत्र बाप, दारू, विडीचे चटके. दंडावर पाच डाग आहेत, मी मोजले. त्याला म्हटलं, "बेटा, इथं तुला कुणी हात लावणार नाही." त्यानं मान वर केली नाही. या चौदा वर्षांत मी इथल्या एकाही पोरावर हात उचललेला नाही. अधीक्षक वाणी साहेब नवीन माणसाला सांगतात, काम कसं करायचं ते पंडितभाऊंकडे बघून शिका.

घरी आलो तर माझा मुलगा हेमराज तीन दिवस गणिताच्या क्लासला गेलाच नाही असं कळलं. विचारलं तर खोटं बोलला. दहावीचं वर्ष. आमचं क्वार्टर संस्थेच्या कंपाउंडमध्येच आहे, तेव्हा आवाज बाहेर जाता कामा नये. माझी पद्धत ठरलेली आहे. भिंतीकडे तोंड, हात वर, पट्ट्याचे दहा. मध्ये तोंडातून आवाज काढला की पुन्हा एकपासून. काल सातव्याला आवाज आला, पुन्हा एकपासून घेतले. मी रागानं मारत नाही, मोजून मारतो. त्यामुळे मुलाच्या मनात अढी राहत नाही. माझ्या वडिलांनी, नानांनी, मला बैल हाकायच्या पराणीनं मारलं, त्यांची तर मोजणीही नव्हती. पण पहूरसारख्या गावातून निघून मी नोकरीला लागलो तो त्याच शिस्तीमुळे.

माझ्या बायकोनं, कुंदानं, दार-खिडक्या लावून घेतल्या होत्या.

रविवार, २३ जुलै

भिकन आता जेवतो. पहिले चार दिवस ताटाला हात लावत नव्हता. मी रोज त्याच्याजवळ बसलो, काही न बोलता. पाचव्या दिवशी त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. आता कॅरम शिकवतोय. सोंगटी गेली की हळूच माझ्याकडे बघतो, शाबासकी हवी असते. मी पाठीवर थाप मारतो.

आज खेळताना लक्षात आलं, तारेच्या कुंपणापलीकडे हेमराज उभा होता. किती वेळ, ठाऊक नाही. दुपारी घरी गेल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, त्याला तुम्ही बेटा म्हणता?"

म्हटलं, "ती पोरं बापाविना आहेत. त्यांच्याशी तसंच बोलावं लागतं."

"हं," म्हणाला, आणि पुस्तक उघडून बसला. अभ्यासाला लागला हे बरं झालं. मागच्या वेळचा परिणाम दिसतोय.

शनिवार, १२ ऑगस्ट

काय लिहावं कळत नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला हवालदार आले. मला वाटलं नवा मुलगा घेऊन आलेत. गेट उघडायला गेलो तर म्हणाले, "पंडितभाऊ, तुमच्याकडेच आलोय. पोरगा कुठंय?"

आमच्या मागच्या गल्लीत रतिलाल शिंपी राहतो. त्याचा दिगंबर, नऊ वर्षांचा. त्यानं न विचारता हेमराजची सायकल नेली, चाक वाकवलं आणि विचारल्यावर नाही म्हणाला. हेमराजनं त्याला बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या मागं नेऊन मारलं. कानातून रक्त आलं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आहे.

हेमराज मोरीत हात धूत बसला होता. हवालदारानं नाव विचारलं तर सरळ उभा राहून पूर्ण नाव सांगितलं. रडला नाही. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

रविवार, १३ ऑगस्ट

सकाळी चौकीत गेलो. फौजदार ओळखीचे आहेत, दर आठवड्याला पोरं घेऊन आमच्याकडे येतात. म्हणाले, "कलम जामिनाचं आहे. सही करा, घरी घेऊन जा. तारखेला हजर करा."

मी नाही म्हटलं.

त्यांना वाटलं मी ऐकलं नाही. पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, "साहेब, दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर आमच्याकडेच आला असता ना? मग माझाही येऊ द्या. काळजीवाहकाच्या पोराला सूट मिळाली असं कुणी म्हणायला नको." मी ताबा घेत नाही असं लिहून सही दिली. फौजदार बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत बसले.

घरी येऊन कुंदाला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमची सही आहे त्याच्यावर?"

"हो."

त्यानंतर दिवसभर एक शब्द बोलली नाही. मला खात्री आहे की मी बरोबर केलं. दोन-चार आठवडे आत राहिला की समजेल.

बुधवार, १६ ऑगस्ट

सोमवारी त्याला आणलं. वाणी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बापाच्या हाताखाली मुलगा ठेवू नये असं नियमात कुठं नाही, पण बरं दिसत नाही, धुळ्याला पाठवू का म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, मी फरक करणार नाही.

नोंद मीच केली. नाव, उंची, अंगावरच्या खुणा. सदरा काढायला सांगितला. पाठीवर जुने वळ होते, पिवळे पडलेले. रकान्यात 'विशेष काही नाही' असं लिहिलं.

काल झेंडावंदनानंतर पोरांना रांगेत उभं करून लाडू वाटले. हेमराजची पाळी आली. बाकीची पोरं घेताना 'भाऊ' म्हणतात. तोही म्हणाला, "भाऊ, थोडा पाण्याला जाऊ का?" आवाज अगदी साधा. मी म्हटलं, "जा बेटा." तोंडातून सवयीनं निघालं. तो जागीच थांबला, मग गेला.

स्वयंपाकाच्या वच्छलाबाई धुळ्याकडच्या, बोलायला फटकळ. म्हणाल्या, "भाऊ, बठ्ठा पोऱ्या जेवनात, तुमना नई जेवना. तुमी त्याना जोडे बसा ना." मी म्हटलं, त्याच्याच जवळ का बसू, सगळी पोरं सारखी. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

भिकनशेजारी मात्र मी पाच दिवस बसलो होतो. हे आत्ता लिहिताना आठवलं.

रविवार, २७ ऑगस्ट

केसचे कागद आले. ते सोनवणे बाईंच्या टेबलावर ठेवायला मीच घेऊन गेलो. वाचायला नको होते. वाचले.

डॉक्टरांचं लिहिलंय की दिगंबरचा डावा पडदा फाटला, त्या कानाचं ऐकणं परत येण्याची आशा कमी. त्याचा जबाब साध्या भाषेत आहे. तसाच उतरवतो :

'हेमराजदादानं मला भिंतीकडे तोंड करायला सांगितलं. हात वर करायला सांगितले. दहा मारीन म्हणाला. आवाज काढायचा नाही म्हणाला. मी चौथ्याला रडलो तर म्हणाला, पुन्हा एकपासून. मग मी परत रडलो तर परत एकपासून. किती झाले ते मला माहीत नाही.'

तीन वेळा वाचला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हेमराज भुसावळला मावशीकडे होता. तिथं रेल्वे कॉलनीतली पोरं व्हिडिओवर मारामारीचे सिनेमे बघतात. संगत वाईट होती. तेव्हाच पाठवायला नको होतं.

आज बागेतलं गवत काढून घेतलं. सहा पोरं लावली होती.

रविवार, ३ सप्टेंबर

सोनवणे बाई क्वार्टरवर आल्या. गृहचौकशी. दर वेळी मी त्यांच्यासोबत दुसऱ्यांच्या घरी जातो, त्यांची पिशवी धरतो. आज त्या माझ्या घरात खुर्चीवर आणि मी खाटेवर.

वय तिशीच्या आत, नाशिकला शिकलेल्या. मला नेहमी 'पंडितभाऊ' म्हणतात, आज 'तुम्ही मुलाचे वडील' असं म्हणत होत्या. फॉर्म मला पाठ असल्यामुळे पुढचा प्रश्न मला आधीच कळत होता, आणि तोच त्रास होता.

"वडिलांचा स्वभाव?"

"शिस्तप्रिय."

"मारहाण?"

"बाई, कोणत्या घरात मुलाला कधीतरी चापट बसत नाही?"

त्यांनी लिहिलं नाही. पेन तसंच धरून ठेवलं. मग कुंदाकडे वळून विचारलं, "तुम्ही सांगा, ताई." कुंदा दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "त्यांनी सांगितलं तेच." आणि आत गेली. आत भांड्यांचा आवाज होत राहिला.

बाईंनी 'शिस्तप्रिय' लिहिलं. शाई वाळेपर्यंत मी त्या शब्दाकडे बघत होतो. तो शब्द खोटा नाही.

शनिवार, ९ सप्टेंबर

हेमराज अंगानं भरलाय. वच्छलाबाई म्हणतात दोन वेळा भाकरी मागून घेतो. भिकनला गणित शिकवतो. काल दोघं कसल्याशा गोष्टीवर हसत होते, हेमराज तर पोट धरून. घरात तो असा हसलेला मला आठवत नाही. मी दारात उभा राहिलो तसं त्यानं हसणं थांबवलं आणि उभा राहिला. भिकन मात्र बसूनच म्हणाला, "भाऊ, या ना."

मी आत गेलो नाही.

संध्याकाळी सहाला हजेरी घेऊन हॉलला कुलूप घालायचं, हे माझं काम. चावी फिरवताना आतून त्याचा आवाज ऐकू येतो. मग क्वार्टरवर जायचं, तिथं कुंदा. कुलूप त्यांना घालतो आणि कोंडल्यासारखं मला होतं. कुठल्या बाजूला उभं राहावं ते समजत नाही. हे कुणाजवळ बोलण्यासारखं नाही.

रविवार, १७ सप्टेंबर

पहूरला जाऊन आलो. नानांना भेटून दोन महिने झाले होते. एकाऐंशीचे आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं, पण बोलणं खणखणीत. हेमराजचं त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं.

ओट्यावर बसलो. मनात होतं ते विचारूनच टाकलं. "नाना, तुम्ही मला पराणीनं मारायचे. आठवतं?"

"मी?"

"कपाशीत बैल शिरला तेव्हा. शाळेचा दाखला हरवला तेव्हा. पायाचं हाड मोडलं होतं माझं."

नाना माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिले. "नाही रे भाऊ. म्या तुले कधी बोटबी नाही लावलं. तुह्या मायले इचार, असती तं. पाय तं तू झाडावरून पडला व्हता."

ते खोटं बोलत नव्हते. मी तोंड बघितलं ना त्यांचं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. चाळीस वर्षं मी ज्या माराच्या जिवावर उभा आहे असं मानतो, तो मारणाऱ्याच्या डोक्यात शिल्लकच नाही.

"तू कायले इचारून राहिला?" म्हणाले.

"सहज."

"पोराले जरा धाकात ठेव," म्हणाले. "लाडानं बिघडतात पोरं."

परत येताना एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती. पाय दुखत होता. थंडी-पावसात दुखतो तो, तेच हाड.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

आज तारीख होती. बाल न्यायालय दर शुक्रवारी आमच्याच हॉलमध्ये बसतं. टेबलामागं मॅजिस्ट्रेट साहेब, बाजूला समाजसेविका म्हणून नेमलेल्या दोन बाया. पोरांना एकेक करून आत नेणं आणि शेजारी उभं राहणं हे काळजीवाहकाचं काम. आज ड्यूटी माझी होती. बदलून मागता आली असती. मागितली नाही.

कुंदा मागच्या बाकावर होती. रतिलाल शिंपी दुसऱ्या टोकाला, एकटाच.

साहेबांनी कागद चाळले. "रिपोर्ट ठीक दिसतोय. घर चांगलं, वडील नोकरदार, शिस्तीचे. हेमराज, झालं त्याचं वाईट वाटतं का?"

"हो साहेब."

"वडिलांच्या ताब्यात देतो. चांगलं वागशील?"

हेमराज म्हणाला, "साहेब, मला इथंच राहू द्या."

साहेबांनी चष्मा काढला. "इथं? का बरं?"

"इथं भाऊ मारत नाहीत."

"कोण भाऊ?"

हेमराजनं हात वर केला आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं.

साहेबांना आधी कळलंच नाही. कागदावर बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदावर. "हे तर तुझे वडील ना?"

"हो," हेमराज म्हणाला. "घरी ते वेगळे असतात." तक्रारीचा सूर नव्हता. घरी पंखा नाही, असं सांगावं तसं सांगितलं त्यानं.

साहेब मला म्हणाले, "काय म्हणणं आहे?" मी म्हणालो, "शिस्तीसाठी, साहेब. कधीतरी." साहेबांनी सोनवणे बाईंना रिपोर्ट पुन्हा करायला सांगितलं. पुढची तारीख सहा ऑक्टोबर.

मग पुढच्या पोराला आत आणायचं होतं. मी आणलं.

रविवार, २४ सप्टेंबर

काल वाणी साहेबांनी दार लोटून घेतलं आणि समजावलं. माणूस चांगला आहे, माझ्या भल्याचंच बोलले. स्वतःच्या पोराला असा मारणारा माणूस काळजीवाहक म्हणून ठेवता येणार नाही, संस्था चालवणाऱ्या ट्रस्टला उत्तर द्यावं लागेल. नोकरी गेली की क्वार्टरही गेलं. "तुम्ही शिस्तप्रिय या शब्दावर ठाम राहा," म्हणाले. "पोरगं वयात आलंय, चिडून बोललं, असं म्हणता येईल."

सोनवणे बाईंना व्हरांड्यात गाठलं. विचारलं, मी असं म्हणालो तर हेमराजचं काय होईल. त्या म्हणाल्या, "मग कागदावर चांगल्या घरातला मुलगा दिसेल. त्यानं कारण नसताना नऊ वर्षांच्या पोराचा कान घालवला, आणि वर घरी जायला तयार नाही. पंडितभाऊ, असा मुलगा कुठं पाठवतात ते मी तुम्हाला सांगायचं का?"

विशेष गृहात, अठरा वर्षांचा होईपर्यंत. मी अशी सात पोरं पोचवून आलोय. त्यातलं एकही मला नंतर ओळख दाखवत नाही.

आज दुपारी कुंदा बोलली. सहा आठवड्यांनी. मी भिंतीला टेकून बसलो होतो, ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इतक्या वर्षांत मी काय केलं माहीत आहे? तुम्ही पट्टा काढला की मी दार लावायची. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. तेवढंच केलं."

तिनं एक खडा बाजूला टाकला.

"त्या दिवशी बाईंनी विचारलं तेव्हाही दारच लावलं मी," ती म्हणाली. "आता नाही लावणार. तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते."

सूप घेऊन ती मागच्या अंगणात गेली. मला तिची भीती वाटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

झालं.

ड्यूटी बदलून घेतली होती. हेमराजला दुसऱ्या माणसानं आत आणलं. मी बाकावर, कुंदाशेजारी. साहेबांनी विचारल्यावर उभा राहिलो. कसं बोलायचं ते घोकून गेलो होतो, पण ते काही आठवलं नाही. म्हणालो :

"साहेब, दिगंबरचा जबाब तुमच्यासमोर आहे. भिंतीकडे तोंड, हात वर, दहा, आवाज काढला की पुन्हा एकपासून. ते माझं आहे. मी हेमराजला सहाव्या वर्षापासून तसंच मारतो. त्यानं दुसरीकडून काही शिकलेलं नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. एकदा म्हणाले, सावकाश बोला. मी पुन्हा सांगितलं. पट्टा, क्वार्टर, पाठीवरचे वळ मी नोंदीत लिहिले नाहीत, तेही सांगितलं. वाणी साहेब खिडकीबाहेर बघत होते.

हेमराज माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. आनंद नव्हता.

साहेबांनी रतिलालला विचारलं, तुमचं काय म्हणणं. तो उठला, टोपी हातात घेतली. म्हणाला, "साहेब, माझा पोरगा आता डाव्या बाजूनं हाक मारली की वळत नाही. परवा सायकलवाला घंटी वाजवत आला, यानं ऐकलंच नाही, थोडक्यात वाचला. कुणाला काय शिक्षा द्यायची ते तुम्ही बघा. मला फक्त हे सांगायचं होतं, कारण इथं सगळे ह्याच पोराचं बोलताहेत."

मी मान खाली घातली. तो म्हणत होता ते खरं होतं.

निकाल : हेमराजनं गुन्हा केला हे मान्य. दोन वर्षं परिविक्षेवर आईच्या ताब्यात, राहणं बोदवडला मामाकडे. महिन्याला सोनवणे बाईंकडे हजेरी. वडिलांनी भेटायचं ते आईची आणि मुलाची दोघांची हरकत नसेल तरच.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

ट्रस्टनं काढून टाकलं नाही. धुळ्याच्या ऑफिसात भांडारात पाठवलं. सतरंज्या, बादल्या, वह्या. पोरांशी संबंध नाही. वाणी साहेबांनीच शब्द टाकला असणार.

क्वार्टर रिकामं केलं. कुंदा आणि हेमराज दोन आठवड्यांपूर्वीच गेले. मी निघताना भिकन माझा हात धरून गेटपर्यंत आला. त्यानं विचारलं, "भाऊ, तुम्ही खरंच हेमराजदादाला मारायचे?"

"हो."

त्यानं माझा हात सोडला. आत पळत गेला. मी थोडा वेळ थांबलो, पण तो आला नाही.

रतिलालच्या दुकानात गेलो होतो. दिगंबर खाली बसून कापडाचे तुकडे गोळा करत होता. मी उजवीकडे जाऊन बसलो, त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मी सायकल विचारून न्यायला पाहिजे होती."

मी म्हटलं, "नाही. सायकलचा काही संबंध नाही." हे त्याला तीनदा सांगितलं. रतिलाल मशीन चालवत राहिला, थांबला नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर. धुळे

कुंदाचं पत्र आलं होतं : हेमराज या म्हणतोय. म्हणून आज बोदवडला गेलो.

लोटननं, कुंदाच्या भावानं, ओट्यावर खुर्ची टाकली आणि शेतात निघून गेला. कुंदानं चहा आणून ठेवला. ती इथं बरी दिसते. दार उघडं ठेवून आतल्या खोलीत बसली, आम्ही दिसू अशी.

हेमराज समोर खाली बसला. उंच झालाय. शाळा सुरू झाली म्हणाला, गणिताचे सर चांगले आहेत म्हणाला. मग आम्ही दोघं रस्त्याकडे बघत होतो. समोरून केळीची ट्रॅक्टर-ट्रॉली गेली, मग दुसरी गेली.

तो म्हणाला, "बाबा, एक विचारू?"

"विचार."

"दिगूला मारताना मला थांबता येत नव्हतं. त्याच्या कानातून रक्त आलं ते मला दिसलं, तरी मी आणखी तीन मारले. मला वाटतं माझ्यात काहीतरी आहे." मग म्हणाला, "तुम्हाला थांबता यायचं का?"

माझ्या तोंडाशी आलं होतं की नाही, मलाही येत नव्हतं. तसं म्हटलं असतं तर आम्ही दोघं एका बाजूला आलो असतो. तो जवळ आला असता असं वाटलं.

पण ते खरं नव्हतं. चौदा वर्षं रोज दहा तास, पोरांनी शिव्या दिल्या, ताटं फेकली, एक जण तोंडावर थुंकलाय माझ्या. मी हात उचलला नाही.

म्हणालो, "यायचं. कामावर थांबायचो. घरी थांबत नव्हतो. थांबता येत होतं मला."

हेमराज माझ्याकडे बघत होता, मी चिडतो का ते बघतोय असं वाटलं. मग तो हळू म्हणाला, "म्हणजे मलाही येईल."

आणि उठून आत गेला. त्यानंतर बाहेर आला नाही. मी चहा संपवला. कुंदा म्हणाली, गाडीची वेळ झाली असेल.

पॅसेंजरनं भुसावळ, तिथून धुळ्याची एसटी. जागा मिळाली. रस्ताभर विचार करत होतो, तो असं का म्हणाला. मी एवढं वाईट कबूल केलं आणि त्याचा चेहरा हलका झाला. मला नीट कळलेलं नाही. विसरायला नको म्हणून शब्द तसेच लिहून ठेवले आहेत.